आधी बघा, मग क्लिक करा : हिडन ऑब्जेक्ट आणि ॲडव्हेंचर गेम शेवटपर्यंत कसे न्यायचे

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या घरी सुट्टीत भाचरं जमली की लॅपटॉपवर एखादा हिडन ऑब्जेक्ट गेम हमखास सुरू होतो. चित्र उघडायचा अवकाश, की माउसचा टकटकाट सुरू. दोन मिनिटांत हिंटचं बटण दाबलं जातं, अर्ध्या तासात यूट्यूबवरचा वॉकथ्रू, म्हणजे सगळी उत्तरं दाखवणारा व्हिडिओ, उघडतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘बोअर आहे’ म्हणून गेम कायमचा बंद. मोठी माणसंही हेच करतात. त्या गेममध्ये कंटाळवाणं काही नसतं, खेळण्याचा क्रम चुकलेला असतो. बघायचं आधी, लिहायचं मग, आणि क्लिक सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा केला की शोधण्याची सगळी गंमत पहिल्या तासातच सांडून जाते.

दोन प्रकारांतला फरक आधी स्पष्ट करते, कारण घोटाळा तिथूनच होतो. निव्वळ हिडन ऑब्जेक्टमध्ये पसाऱ्याचं चित्र आणि वस्तूंची यादी असते. ‘मिस्ट्री केस फाइल्स : हंट्सव्हिल’ हा २००५चा गेम त्याच जातीचा, घड्याळ लावून खेळायचा. ॲडव्हेंचरमध्ये एक जग असतं. त्यात फिरायचं, बोलायचं, वस्तू उचलायच्या आणि योग्य जागी वापरायच्या. आजचे बहुतेक गेम या दोन्हींची मिसळ असतात. म्हणून खालचे टप्पे दोन्हींना लागू आहेत, आणि जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा १ : गेम निवडा, पण आधी चाखून बघा

पैसे भरण्याआधी डेमो खेळा. बिग फिश गेम्सच्या बऱ्याच गेमना आधी तासभर मोफत खेळून बघता येतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात डेमो नसेल तर परताव्याचा नियम वापरा : विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळ दोन तासांपेक्षा कमी झालेला असेल तर पैसे परत मागता येतात.

सावधान : गेम उघडा ठेवून जेवायला गेलात तरी तो वेळ या दोन तासांत धरला जातो. पारखून होईपर्यंत उठताना गेम बंद करून उठा.

इंग्रजीची धास्ती असेल तर सुरुवात ‘मशिनेरियम’ने करा (२००९). त्यात संवाद शब्दांत नाहीत, चित्रांत आहेत. ‘हिडन फोक्स’ (२०१७) हा काळ्या-पांढऱ्या रेषाचित्रांचा शोधखेळ लहान मुलांबरोबर खेळायला फार छान. कथेसकट मिसळ हवी असेल तर आर्टिफेक्स मुंडी या पोलंडच्या कंपनीचे गेम बघा. जुना, संवादांचा ॲडव्हेंचर फुकटात करून बघायचा असेल तर १९९४चा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ स्कमव्हीएम या मोफत प्रोग्रॅमवर चालतो आणि दोन्ही गोष्टी कायदेशीर आहेत.

उतरवून घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. डिस्कवर दोन-तीन जीबी मोकळी जागा आहे का? मॅक असेल तर त्याची सिस्टिम कोणती? २०१९च्या कॅटलिना या आवृत्तीपासून पुढे ३२ बिटचे जुने गेम मॅकवर चालत नाहीत, आणि या प्रकारातले बरेच जुने गेम ३२ बिटचेच आहेत. आणि गेम ब्राउझरमधला फ्लॅशचा तर नाही ना? ब्राउझरमध्ये गेम चालवणारं फ्लॅश २०२०च्या अखेरीस बंद झालं.

पेनड्राइव्हवरून आलेला ‘क्रॅक’ गेम लावू नका. आमच्याकडे एकदा लावला होता. तो अर्ध्यात अडकला तो अडकलाच, आणि वर लॅपटॉप पूर्ण फॉरमॅट करावा लागला. त्यात लग्नाचे फोटो होते.

## टप्पा २ : पडदा, माउस आणि प्रोफाइल

हे दहा मिनिटांचं काम आहे आणि जवळजवळ कोणीच करत नाही.

लॅपटॉपच्या टचपॅडवर खेळू नका, साधा माउस लावा. टचपॅडवर बोट घसरून चुकीचे क्लिक होतात आणि अनेक गेम चुकीच्या क्लिकला दंड करतात. विंडोजचा नाइट लाइट बंद करा. त्याच्या पिवळसर झाकेत पितळ, लाकूड आणि वाळकी पानं एकाच रंगाची दिसतात. गेमच्या सेटिंगमध्ये चित्राचं प्रमाण राखण्याचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा, नाहीतर जुन्या गेमचं चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं जातं आणि गोल वस्तू अंडाकृती होतात.

आवाज बंद करू नका. संगीत कमी केलं तरी चालेल, पण बाकीचे आवाज राहू द्या. कुलूप हललं, चाक अर्धं फिरलं, हे पुष्कळदा कानालाच आधी कळतं.

अडचणीची पातळी निवडताना बहुतेक जण चुकतात. सोप्या पातळीवर दृश्यात जिथे काही करायचं असतं तिथे चमचम होते, आणि डोळे चित्र सोडून ती चमचमच शोधू लागतात. सगळ्यांत अवघड पातळीवर हिंट आणि स्किप (कोडं न सोडवता पुढे जाण्याचं बटण) दोन्ही जातात. मधली पातळी घ्या. स्वतःची पातळी जुळवायची सोय असेल तर चमचम बंद करा, चुकीच्या क्लिकचा दंड बंद करा, नकाशावरच्या खुणा मात्र चालू ठेवा.

आता प्रोफाइल. घरात खेळणारे तिघे असतील तर प्रोफाइलही तीन हवेत, ज्याच्या त्याच्या नावाने. हिडन ऑब्जेक्ट गेममध्ये सहसा एका प्रोफाइलला एकच आपोआप होणारं सेव्ह असतं. भाच्याने माझ्या नावावर ‘नवा खेळ’ दाबला आणि माझे चार रात्रींचे श्रम गेले, तेव्हापासून आमच्याकडे हा नियम आहे. जुन्या धाटणीच्या ॲडव्हेंचरमध्ये सेव्हच्या अनेक जागा मिळतात. तिथे एकाच जागेवर वारंवार सेव्ह करू नका, दर वेळी नवी जागा घ्या. त्या काळातल्या काही गेममध्ये, विशेषतः सिएरा कंपनीच्या, सुरुवातीला एखादी वस्तू उचलायची राहिली तर पुढे मार्गच उरत नाही. मागचं सेव्ह हाताशी असेल तरच सुटका होते.

तपासा : पाच मिनिटं खेळून मेन्यूतून बाहेर पडा, पुन्हा आत या. होतात तिथेच आलात का? आलात तरच पुढे जा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर प्रत्येक मोठं कोडं सुटल्यावर एकदा मेन्यूत जाऊन या. बऱ्याच गेममध्ये बाहेर पडतानाच सेव्ह होतं, आणि लाइट विचारून जात नाही.

## टप्पा ३ : वही उघडा, शब्द जमवा

या टप्प्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण मराठी घरांतले बहुतेक खेळ इथेच अडतात आणि दोष डोळ्यांना दिला जातो.

माझी आत्या अडुसष्ट वर्षांची आहे. पंचवटीत राहते. ती आमच्याकडे आलेली असताना मी एका लोहाराच्या दुकानाचं दृश्य उघडून बसले होते. अकरा वस्तू सापडल्या होत्या, बारावा शब्द होता ‘बेलोज’. अर्थ मला ठाऊक होता, तरी वस्तू दिसेना. आत्या मागे येऊन उभी राहिली. ‘काय शोधतेस एवढं?’ म्हटलं, ‘भट्टीला हवा देतात ना, ते.’ ‘अगं, मग भाता म्हण की. तो काय, खुर्चीच्या मागे. दांडे वर करून उभा ठेवलाय.’ तिचं बालपण भांडी बाजाराच्या लगत, तांब्या-पितळेच्या ठोकाठोकीत गेलेलं. त्या दृश्यातली निम्मी हत्यारं तिने लहानपणी रोज पाहिली होती. तिला इंग्रजी शब्द येत नव्हते आणि मला वस्तू येत नव्हत्या. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकत्र खेळतो आणि वहीत शब्द लिहितो.

तुम्हीही लिहा. दोनशे पानी वही घ्या, मागची दहा पानं शब्दांना द्या. आमच्या वहीतले, वारंवार येणारे काही :

ॲनव्हिल म्हणजे ऐरण. टाँग्ज म्हणजे सांडशी किंवा चिमटा. फनेल नरसाळं, सिकल विळा, क्रोबार पहार, हिंज बिजागरी, स्पूल दोऱ्याचं रीळ. मॉर्टर आणि पेसल म्हणजे खलबत्ता. ट्रॉवेल ही गवंड्याची थापी, क्लीव्हर हा खाटकाचा रुंद सुरा, थिंबल ही शिवताना बोटावर घालायची धातूची टोपी. अवरग्लास वाळूचं घड्याळ, क्विल पिसाची लेखणी, गॉब्लेट उंच दांड्याचा पेला.

याहून फसवे शब्द म्हणजे एकाच उच्चाराचे अनेक अर्थ असलेले. यादीत फक्त शब्द असतो, अर्थ चित्रात दडलेला असतो. त्यांची वेगळी यादी ठेवा :

- बो : धनुष्य, रिबिनीची फुलासारखी गाठ, किंवा व्हायोलिनचा गज
- फाइल : कागदांची फाइल किंवा कानस
- प्लेन : विमान किंवा सुताराचा रंधा
- ट्रंक : पेटी, हत्तीची सोंड किंवा झाडाचं खोड
- सील : समुद्रातला प्राणी किंवा लाखेची मोहोर
- क्लब : सोटा किंवा पत्त्यातलं किलवर
- क्रेन : यंत्र किंवा लांब मानेचा पक्षी
- नेल : खिळा किंवा नख
- बॅट : खेळायची बॅट किंवा वटवाघूळ
- स्केल्स : तराजू किंवा माशाचे खवले

एका अर्थाने पाच मिनिटं शोधून मिळालं नाही, तर डोळे ताणू नका, अर्थ बदला.

शब्द अडला तर मोबाइलवर अर्थ बघण्यात कमीपणा काही नाही. फक्त अर्थ वाचून थांबू नका, त्या वस्तूचं चित्रही बघा. ‘शिवताना वापरायची टोपी’ एवढं वाचून थिंबल सापडत नाही. त्याच्या अंगावरचे बारीक खळगे पाहिले की सापडतं.

## टप्पा ४ : पहिली फेरी हात मागे बांधून

नवं ठिकाण उघडलं की वीस सेकंद माउस सोडा. खरोखर हात काढून घ्या. डावीकडून उजवीकडे, वरून खाली चित्र बघा आणि स्वतःला विचारा : इथे काय मोडलंय? काय बंद आहे? कशात काहीतरी कमी आहे? पुतळ्याचा हात तुटलेला, खणाची मूठ गायब, फडताळ हात न पोचेल इतकं उंच, वाटेत साप, कुलपावर गंज. गेम बनवणारा या ‘नसलेल्या’ गोष्टींतूनच बोलतो.

मग माउस हळू फिरवा, क्लिक न करता, आणि माउसच्या बाणाचं चिन्ह कुठे बदलतं ते बघा. साधारणपणे भिंग म्हणजे जवळून बघा, हात म्हणजे उचला, दाती चाकं म्हणजे कोडं किंवा इथे काही वापरा, बोलण्याचा फुगा म्हणजे माणसाशी बोला, बाण म्हणजे वाट. तळाची कड विसरू नका. मागे फिरायची वाट बहुधा तिथेच असते, आणि नवे खेळाडू एकाच खोलीत अडकतात ते याच कारणाने.

आता वही. पानाच्या मध्ये चौकोन काढून ठिकाणाचं नाव लिहा, वाटा बाणांनी दाखवा. खाली दोन रकाने : डावीकडे ‘काय हवंय’, उजवीकडे ‘काय मिळालं’. माझ्या एका पानावर असं आहे : डावीकडे ‘विहीर – रहाट आहे, दोर नाही’, ‘घड्याळ – एकच काटा’, ‘पेटी – तीन खाचा, पानाच्या आकाराच्या’. उजवीकडे ‘सुरी, पात्याचं टोक मोडलेलं’, ‘तांब्याचं पान १’. पेटीचं उत्तर त्या पानावरच अर्धं दिसतंय. डोक्यात ठेवलं असतं तर विहिरीच्या नादात पेटी विसरले असते.

भिंतीवरची चिन्हं, आकडे, रंगांचा क्रम दिसला की फोटो घ्या. विंडोजवर विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणं एकत्र दाबा. स्टीमवर एफ १२ दाबलं की झालं. गेमची स्वतःची डायरी सगळं नोंदवते अशा भरवशावर राहू नका. ‘मिस्ट’सारख्या गेममध्ये (१९९३) तर वस्तू गोळा करण्याचा भाग जवळजवळ नाहीच, जे पाहिलं आणि ऐकलं ते टिपून ठेवणं हाच खेळ आहे.

तपासा : गेम बंद करून वही बघा. आत्ता कुठे कुठे काय अडलंय हे वहीतून सांगता येतं का? येत नसेल तर पुन्हा एक फेरी मारा.

## टप्पा ५ : पसाऱ्यातून वस्तू शोधणं

भांडी बाजारातल्या एखाद्या जुन्या दुकानासमोर उभं राहून बघा. छतापासून टांगलेले डबे, एकात एक घातलेली पातेली, कळशा, समया, सगळं पितळी, सगळं चकाकणारं. त्यात झारा शोधायचा आहे. ‘पितळी वस्तू’ शोधत राहिलात तर हाती काही लागणार नाही, कारण तिथे सगळंच पितळी. छिद्रं शोधा. छिद्रांची चकती डोळ्याला लगेच टोचते.

गेममध्ये नेमकं हेच करायचं. अख्खी वस्तू शोधू नका, तिची इतर वस्तूंत नसलेली एक खूण शोधा. कात्रीच्या दोन कड्या. छत्रीची वाकडी मूठ. किल्लीचे दाते. कंगव्याचे समांतर दात. पत्त्याचा पांढरा कोपरा. बाकीची वस्तू बहुतेक वेळा कशामागे तरी झाकलेली असते, खूण मात्र बाहेर ठेवलेली असते. नाहीतर शोधणं अशक्य होईल.

क्रम असा ठेवा.

पहिलं : यादी न वाचता चित्र पूर्ण बघा. आपोआप दिसतील त्या वस्तूंची मनात नावं घ्या.

दुसरं : यादी वाचा. पाहिलेल्यांपैकी ज्या यादीत आहेत त्या उचला. पाच-सहा सहज निघतात आणि पसारा हलका होतो.

तिसरं : उरलेल्यांसाठी चित्राचे मनातल्या मनात चार उभे पट्टे करा. एका वेळी एक पट्टा, वरून खाली, आणि मनात जास्तीत जास्त तीन वस्तू. बारा वस्तू डोक्यात घेऊन चित्रभर भिरभिरणं ही सर्वांत मोठी चूक.

चौथं : तरी राहिलीच, तर लपवण्याच्या ठरलेल्या जागा बघा. चित्राच्या चारही कडा, खालच्या पट्टीला लागून असलेला भाग, छत आणि तुळया, खुर्चीच्या पायांमधली पोकळी, कपड्यांच्या चुण्या. आणि भिंतीवरची चित्रं, नक्षी, डाग. ‘घोडा’ म्हणून यादीत असलेला घोडा गालिच्यावर विणलेला असू शकतो.

दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. आकारमानावर विश्वास नको : जहाज किल्लीएवढं आणि मुंगी बशीएवढी असू शकते. रंगावरही नको : लाकडी भिंतीवरचा साप लाकडाच्याच रंगाचा रंगवलेला असतो. भरवशाची गोष्ट एकच, बाह्यरेषा.

यादीतले काही शब्द वेगळ्या रंगात असतील तर त्या वस्तू सरळ दिसत नाहीत. खण उघडावा लागतो, पडदा सारावा लागतो, किंवा चित्रातलीच एक वस्तू दुसरीवर न्यावी लागते : काडी मेणबत्तीवर नेली की ‘पेटलेली मेणबत्ती’ मिळते. असे शब्द शेवटी घ्या, कारण बाकीच्या वस्तू निघाल्यावर खण आणि पडदे मोकळे दिसू लागतात.

सावधान : आडवेतिडवे भराभर क्लिक केले की पुष्कळ गेम बाण काही सेकंद गोठवतात किंवा पडदा अंधारा करतात. पण खरं नुकसान वेगळंच. नशिबाने लागलेल्या वस्तूतून डोळा काहीच शिकत नाही.

आणखी एक. बऱ्याच गेममध्ये त्याच पसाऱ्यात नंतर दुसऱ्यांदा यावं लागतं, वेगळी यादी घेऊन. पहिल्या वेळी दिसलेल्या पण यादीत नसलेल्या विचित्र वस्तू वहीत टिपल्या असतील तर दुसरी फेरी निम्म्या वेळात होते.

आणि डोळे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघा. आमच्या खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो, मी त्याच्याकडे बघते. परत पडद्याकडे वळताच हरवलेली वस्तू समोर दिसते, असं कितीतरी वेळा झालंय.

## टप्पा ६ : उचललेल्या वस्तू वापरणं

वस्तू उचलली की आधी ती नीट बघा. उचललेल्या वस्तू जिथे जमतात त्या खालच्या पट्टीत वस्तूवर अधिकचं चिन्ह असेल तर ती उघडते : आत काही दडलंय, किंवा तिला अजून एखादा भाग जोडायचा आहे. हे चिन्ह न पाहिल्याने माणसं तासन्‌तास अडून बसतात.

मग वहीतले दोन रकाने समोरासमोर ठेवून विचार करा. प्रत्येक वस्तू प्रत्येक जागी टेकवत सुटू नका. गंजलेल्या कुलपाला तेल, सापाला हुसकवायला आग किंवा आवाज, उंचावरच्या वस्तूला काठीला बांधलेला आकडा. या जगाचं तर्कशास्त्र बहुतांशी घरगुतीच असतं. घरात हे कसं केलं असतं, असा प्रश्न आधी विचारा.

बहुतेक गेममध्ये वस्तूचं काम संपलं की ती पट्टीतून नाहीशी होते. म्हणजे चाकू वापरूनही पट्टीत असेल, तर त्याचं अजून कुठेतरी काम आहे.

संवादांच्या ॲडव्हेंचरमध्ये प्रत्येक पात्राशी सगळे विषय संपेपर्यंत बोला, आणि काही मोठं घडलं की पुन्हा जाऊन बोला. नवे विषय उघडलेले असतात.

## टप्पा ७ : कोडी, आणि स्किप दाबण्याची घाई

कोडं उघडलं की नियम वाचा, मग काहीही सोडवायला न बसता प्रत्येक बटण एकेकदा हलवून नेमकं काय होतं ते बघा. रिसेटचं बटण कुठे आहे तेही पाहून ठेवा. त्याच त्या पाच-सहा जाती फिरून फिरून येतात, त्यामुळे एकदा रीत शिकलात की पुढच्या दहा गेममध्ये उपयोगी पडते.

चकत्यांचे तीन खांब. सगळ्या चकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर न्यायच्या, एका वेळी एकच, आणि लहानीवर मोठी ठेवायची नाही. तीन चकत्यांना किमान ७ चाली, चारला १५, पाचला ३१. चकत्यांची संख्या विषम असेल तर सर्वांत लहान चकती पहिल्याच चालीत जिथे शेवटी पोचायचंय त्या खांबावर न्या. सम असेल तर दुसऱ्या रिकाम्या खांबावर. यानंतर एकाआड एक चाल लहान चकतीची, नेहमी त्याच फिरत्या दिशेने. मधल्या चालीत लहानीला हात न लावता जी एकच चाल शक्य असते ती करा. कळलं नाही तर स्वयंपाकघरातून ताट, थाळी आणि वाटीखालची बशी आणा आणि ओट्यावर करून बघा. भाच्याला मी असंच शिकवलं, दहा मिनिटं लागली.

सरकत्या चौकोनांचं चित्र. वरची ओळ पूर्ण करा, मग पुढची. अडतं ते ओळीच्या शेवटच्या दोन तुकड्यांपाशी. एक बसवला की दुसरा बसत नाही. म्हणून दोन्ही एकत्र आणा : उपान्त्य तुकडा ओळीच्या शेवटच्या कोपऱ्यात, शेवटचा तुकडा त्याच्या बरोबर खाली, आणि रिकामी जागा कोपऱ्याच्या डावीकडे. आता पहिला डावीकडे सरकवा, दुसरा वर. खालच्या शेवटच्या दोन ओळी आडव्या न लावता उभ्या स्तंभांनी, डावीकडून लावत जा.

दिवे लावणं-विझवणं. एक बटण दाबलं की शेजारचेही बदलतात. एकच बटण दोनदा दाबणं म्हणजे न दाबणं, आणि दाबण्याच्या क्रमाने फरक पडत नाही. तीन गुणिले तीनच्या चौकटीत पहिल्या ओळीतली कोणती बटणं दाबायची याचे फक्त ८ प्रकार होतात. एक प्रकार निवडा, मग पहिल्या ओळीत जो दिवा चुकीचा राहिला त्याच्या खालचं बटण दाबा, तसंच तिसऱ्या ओळीपर्यंत उतरा. शेवटची ओळ जुळली नाही तर रिसेट करून पुढचा प्रकार घ्या. आठांत उत्तर आहेच.

एकमेकांत गुंतलेली चक्रं. कोणतं फिरवल्यावर कोणकोणती फिरतात हे वहीत लिहा. सर्वांत जास्त चक्रांना ओढणारं आधी जागेवर आणा. एकटंच फिरणारं शेवटी.

ऐकून वाजवणं. आवाजांना किंवा रंगांना सा, रे, ग, म अशी नावं द्या आणि मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हणू नका.

आकड्यांच्या कुलपांसाठी फोटो उघडा. उत्तर त्याच खोलीत असेलच असं नाही, पण गेममध्ये तुम्ही आधी पाहिलेल्या एखाद्या भिंतीवर, पत्रात किंवा घड्याळात ते बहुधा असतंच. रोमन अंक असतील तर मोठ्या चिन्हाच्या डावीकडचं लहान चिन्ह वजा करायचं, उजवीकडचं मिळवायचं.

## टप्पा ८ : अडलात तर

प्रत्येक जण अडतो. फरक एवढाच, की नंतर काय आणि कोणत्या क्रमाने करायचं.

१. नकाशा बघा. खूण असलेलं, पण न पाहिलेलं ठिकाण राहिलंय का?

२. वहीतला डावा रकाना वाचा. त्यातलं प्रत्येक ठिकाण पुन्हा एकदा जाऊन बघा. एक काम झालं की लांबच्या खोलीतलं काहीतरी बदललेलं असतं, आणि गेम ते सांगतोच असं नाही.

३. पट्टीतली प्रत्येक वस्तू उघडून बघा.

४. उठा. चहा टाका. रात्र असेल तर झोपा. सकाळी ताज्या डोळ्यांनी सुटलेली कोडी माझ्या वहीत बरीच आहेत.

५. दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने समजावून सांगा. आत्याला फोनवर ‘तीन खाचा आहेत आणि माझ्याकडे दोनच पानं आहेत’ असं सांगत असताना, तिसरं पान ज्या झाडावर होतं ते मला आठवलं.

६. आता गेममधली हिंट. ती सहसा पुढची एकच कृती दाखवते. दाखवल्यावर लगेच क्लिक करू नका; हे आपल्याला का दिसलं नाही ते शोधा आणि वहीत एक ओळ लिहा. माझ्या बहुतेक ओळी ‘तळाची कड पाहिली नाही’ अशाच आहेत, आणि त्या वाचल्यापासून मी तळाची कड आधी बघते.

७. हिंट पुरली नाही तर पायरीपायरीने उघडणारे इशारे वाचा. युनिव्हर्सल हिंट सिस्टिम १९८८पासून हेच करते आहे : आधी प्रश्न, त्याखाली हलका इशारा, मग जरा स्पष्ट, सर्वांत शेवटी उत्तर. ‘मशिनेरियम’मध्ये ही सोय आतच आहे, दर दृश्याला एक इशारा, आणि पूर्ण उत्तर हवं असेल तर छोटा खेळ जिंकून पुस्तक उघडावं लागतं.

८. वॉकथ्रू शेवटी. तोही व्हिडिओ नको, लिहिलेला शोधा. व्हिडिओत नको असलेला पुढचा भागही डोळ्यांपुढून जातो. ठिकाणाचं नाव शोधा, तेवढा एकच परिच्छेद वाचा, पान बंद करा.

तपासा : वॉकथ्रूतली कृती करूनही काही घडत नसेल, तर बहुधा मधली एक कृती राहिली आहे. तीन ओळी मागे जाऊन वाचा. तीही झालेली असेल तर गेमच अडकला असण्याची शक्यता धरा : बाहेर पडून पुन्हा आत या, आणि तरी नाही झालं तर आधीच्या सेव्हवर जा.

## टप्पा ९ : गेम संपल्यावर

कलेक्टर्स एडिशन (गेमची खास, जादा भागांची आवृत्ती) घेतली असेल तर तिच्यात बहुधा एक जादा प्रकरण असतं. ते मुख्य कथा संपल्यावरच उघडा, नाहीतर शेवट आधी कळतो. त्याच आवृत्तीत काही वस्तू बघताबघता रूप बदलतात. त्या पहिल्या खेळात शोधत बसू नका, लक्ष कथेवरून उडतं. दुसऱ्यांदा खेळताना घ्या.

गेम काढून टाकण्यापूर्वी सेव्ह जपून ठेवायचं असेल तर ते कुठे असतं ते बघून ठेवा. विंडोजवर बरेच हिडन ऑब्जेक्ट गेम ते ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतात. फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेन्यूतून लपवलेल्या वस्तू दिसण्याचा पर्याय चालू करा, गेमच्या किंवा कंपनीच्या नावाचं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा आणि त्याला तारीख द्या. आणि वही फेकू नका. त्याच कंपनीचा पुढचा गेम घेतलात की मागची शब्दांची दहा पानं आणि कोड्यांच्या रीती पहिल्या दिवसापासून कामाला येतात. आमची पहिली वही भरली. दुसरीच्या पहिल्या पानावर आत्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय : ‘बेलोज – भाता.’